दवंडी गेली, फोन आला

अलीकडे एक रडगाणे ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. म्हणे हल्लीच्या पोरांस लोकशाही कळत नाही, देश कळत नाही, सारा दिवस फोनमध्ये डोके! हे रडगाणे गाणारी मंडळी बहुधा पन्नाशीपुढची, पेन्शन खाणारी आणि सकाळी उठून स्वतःच्याच फोनवरून चाळीस जणांस खोटी वार्ता धाडून मग चहा घेणारी असतात. वाचकहो, या तक्रारीत तथ्य किती व ढोंग किती, हे आज तपासून पाहू.

परवा निर्मळच्या बाजूस एका बागायतदाराच्या ओटीवर आम्ही बसलो होतो. घरात तीन पिढ्या. आजोबा ऐंशीच्या घरातले, केळी आणि पानवेल यांत जन्म गेलेला. मुलगा विरारहून लोकल पकडून मुंबईत नोकरीस जाणारा. नातू २००२ सालचा. आम्ही सहज पुसले, "लोकशाही म्हणजे काय हो?"

आजोबा म्हणाले, "माझा बाप पहिल्या मतदानाला धुतलेले धोतर नेसून गेला होता. देवळात जावे तसा. त्याच्या बापाला मत नव्हते, कारण सरकारात भरण्याइतका सारा नव्हता आणि शाळेचा दाखलाही नव्हता."

मुलगा म्हणाला, "आमच्या लहानपणी टीव्हीवर संध्याकाळी बातम्या लागत. सरकार काय करते ते त्यात सांगत. तीच लोकशाही."

नातवाने काही न बोलता फोन पुढे केला. त्यात एक गृहस्थ नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होता, की अमक्या जातीधर्माचे लोक देशाचे वैरी आहेत. आम्ही म्हटले, "बाळा, हे झाले. पण तुझ्या गावची ग्रामसभा तू कधी पाहिलीस काय?" पोरगा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. "काका, ग्रामसभा म्हणजे?"

घरातली वडीलधारी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण हिशेब केला तर पोराचा अपराध काडीचाही निघत नाही. ३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. त्या दिवशी हा पोर सात वर्षांचा होता. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर ग्रामसभा गेली आणि ग्रामसभेची दवंडीही गेली. बऱ्याच गावांनी "आम्हांस यातून वगळा" म्हणून आकांत केला. २०११ साली सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. मग मामला हायकोर्टात गेला आणि तारखांमागून तारखा पडल्या. २०२४ साली सरकारनेच आपले शब्द मागे घेऊन गावे पालिकेत ठेविली. पुढे ऐका. पालिकेची दुसरी निवडणूक जून २०१५ मध्ये झाली. तिची मुदत जून २०२० मध्ये सरली. पोर त्याच साली अठरा वर्षांचा झाला! आणि त्याच साली पालिकेवर प्रशासक बसला. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे साडेपाच वर्षे या बारा लाखांहून मोठ्या वस्तीत घरापुढच्या गटाराविषयी जाब पुसावा असा एकही निवडलेला माणूस नव्हता. वसुली चालूच होती बरे! घरपट्टीला प्रशासक लागत नाही की नगरसेवक लागत नाही. ती आपोआप उगवते.

आता सांगा, त्या पोराने लोकशाही शिकावी कोठे? घराच्या दारातली शाळा आपण बंद केली आणि पोर फोनच्या शाळेत गेले म्हणून त्यालाच छडी मारायची?

दिल्लीला आणि मुंबईला कोण बसावे, यासाठी त्याने २०२४ साली दोनदा बोटाला शाई लावून घेतली. पण नळाला पाणी येत नाही ते कोणाला सांगावे, हे त्याला कोणी दाखविले नाही. त्यामुळे लोकशाही म्हणजे दूरच्या दोन पहिलवानांची कुस्ती आणि आपण फक्त शिट्ट्या मारायच्या, अशी त्याची समजूत झाली. ही समजूत करून देणारा धंदा मोठा आहे. त्यात कुस्ती दाखविणाऱ्याला पैसे, जाहिरात देणाऱ्याला गिऱ्हाईक आणि पहिलवानाला मते मिळतात. पाहणाऱ्याच्या पदरी काय? घसा बसतो आणि शेजाऱ्याशी बोलणे तुटते.

दवंडीत आणि फोनमध्ये भेद काय, हे आमच्या मायबहिणींस आम्ही वेगळे सांगावे असे नाही. दवंडी पिटणारा गावचा असे. त्याचा चेहरा ठाऊक, घर ठाऊक. त्याने खोटे सांगितले तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याला गाठता येई. शिवाय दवंडी साऱ्यांनी एकाच वेळी ऐकली, त्यामुळे "मला हे सांगितले, तुला ते सांगितले" हा प्रकार नसे. फोनमधला दवंडीवाला मात्र अदृश्य. तो माळ्याला एक सांगतो, कोळ्याला दुसरे, ख्रिस्ती घरात तिसरे आणि मुसलमान मोहल्ल्यात चौथे. चौघेही चावडीवर एकत्र बसत नाहीत, तेव्हा ताळा पडणार कसा? आणि दवंडी माणसाला घराबाहेर बोलावी. फोन त्याला खाटेवर पाडून ठेवितो.

जुने सारे सोन्याचे होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. दवंडी पिटणाऱ्यास दाराबाहेर उभे करणारेही हेच गाव होते, आणि ग्रामसभेत बायका व आदिवासी मागे बसत, तोंड उघडू लागले तर दटावले जात. वर्तमानपत्रे तरी कोणाची होती? आमच्या शेतकरी-कारागिरांच्या घरी पत्र येऊ लागले तेव्हा त्यात आमच्याविषयी अक्षर नसे. दुष्काळ पडला की सहानुभूतीचे दोन थेंब, बंड झाले की "अडाण्यांचा दंगा". म्हणून तर १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यास 'दीनबंधु' काढला, आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईस नेऊन चालविला. म्हणून १९१० साली मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' सुरू केला आणि पुढे तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवून दाखविला, खेड्यात छापखाना! शहरातल्या शहाण्यांस तेव्हा ती थट्टा वाटली असेल. म्हणून १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला व शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपये दिले. ही माणसे लेखणीची हौस भागवीत नव्हती. ज्याच्या हाती पत्र त्याच्या तोंडचा देश, हे त्यांनी ओळखिले होते. "राष्ट्र" म्हणून जे छापले जाई त्यात नांगर धरणारा हात दिसत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचे पत्र काढले.

आणि त्या पत्रांचे वाचन कसे चाले? गावात अंक एक, वाचणारा एक, ऐकणारे वीस. वाचता वाचता कोणी म्हणे, "थांब रे, हे पटत नाही." वाद पडे. निरक्षर म्हातारा साक्षर पोरास पेचात पाडी. आम्हांस वाटते, छापलेल्या मजकुराहून त्या अडविण्याने अधिक शिक्षण झाले.

नंतर रेडिओ आला. १९७२ साली मुंबई दूरदर्शन आले. शेतीच्या कार्यक्रमांनी चार चांगल्या गोष्टी सांगितल्या, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण त्यात गावाने उलट बोलायचे नव्हते. एक बोलणार, कोट्यवधी ऐकणार. आणीबाणीत, १९७५ ते १९७७, याची किंमत कळली. रेडिओ सांगे की सारे क्षेमकुशल आहे, आणि माणसे तुरुंगात होती. त्या पिढीच्या मनात एक खूणगाठ बसली, की सरकार म्हणजेच देश व बातम्या म्हणजे त्याची आरती. आज हीच पिढी फोनवर आलेले काहीही खरे मानते. का मानणार नाही? पडद्यावर दिसले ते खरे, ही तिची जन्माची सवय. तेव्हा, काका-मामांनो, नातवावर रागावण्याआधी आपला अंगठा आवरा. पुढे ढकलण्याच्या कामात तुमचा अंगठा पोरांच्या दोन पावले पुढे आहे.

आता आपल्या जिल्ह्यातलीच तीन उदाहरणे घ्या. दूर जायला नको.

१० ऑक्टोबर १९४५. वेठबिगारीच्या जोखडाखालचे वारली तेव्हा लाल बावट्याखाली उभे राहिले होते. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. निरोप तोंडोतोंडी जाई. त्याच निरोपाच्या वाटेने जमीनदारांच्या माणसांनी खोटी आवई सोडिली, की गोदावरीबाई तलवड्यास येत आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. हजारो वारली धावत गेले. बाई तेथे नव्हत्याच! आली ती पोलिसांची गोळी. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. गोदावरीबाई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा वृत्तांत लिहून ठेविला आहे. लोकांचे जे बळ होते, म्हणजे एकमेकांवरचा विश्वास, त्याचाच गळफास केला गेला.

नोव्हेंबर २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर शहर बंद पडले, तेव्हा पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर दोन ओळींत विचारले, की एका माणसासाठी सारे का बंद? दुसरीने त्यावर पसंतीचा अंगठा दाबला. दोघींस अटक झाली, आणि एकीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली. एकीने प्रश्न केला, दुसरीने अंगठा दाबला, एवढ्यावर कोठडी! पण पुढचे पाहा. दिल्लीच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल हिने, सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ कोर्टाने रद्द ठरविले. "पोरांस लोकशाही कळत नाही" म्हणणाऱ्यांनी हे जपून वाचावे. राज्यघटनेतला भाषणस्वातंत्र्याचा शब्द जिवंत करून देण्याचे काम फोन हाती धरलेल्या पोरींनी केले. पालघरचे मोठे म्हणविणारे त्या दिवशी घरात दार लावून बसले होते.

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदीचे दिवस. डहाणू तालुक्यात फोनवरून आवई पसरली होती, की चोर फिरतात, पोरे पळविणारे फिरतात, माणसाच्या शरीरातले अवयव काढून नेतात. गावे रात्री पहारा देत होती. दोन-चार दिवस अगोदर मदतीस आलेल्या एका डॉक्टरवरही त्याच भागात हल्ला झाला होता. सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा गाडीवान गडचिंचल्यापाशी जमावाच्या हाती सापडले आणि पोलिसांच्या देखत तिघेही काठ्या-दगडांनी ठार झाले. हा अघोर प्रकार ज्यांनी केला त्यांस कोणतीही सबब नाही. वारल्यांचा कैवार घेणारे म्हणून आम्ही त्यावर पांघरूण घालणार नाही. तिघे निरपराध माणसे मेली.

पण त्यानंतर जे घडले तेही विसरू नका. एका खोट्या आवईने तिघे मेले आणि त्यांची राख थंड होण्यापूर्वीच दुसरी खोटी आवई उठली, की हे कृत्य मुसलमानांनी केले. राज्याच्या गृहमंत्र्यास पकडलेल्यांच्या नावांची यादी जाहीर करून सांगावे लागले, की यात एकही मुसलमान नाही. टीव्हीवाल्यांनी रात्रीमागून रात्री या प्रेतांवर बाजार मांडला. गडचिंचल्यात दवाखाना किती दूर आहे, टाळेबंदीत मजुरी बंद झालेल्या घरात काय शिजत होते, पहिली आवई कोणाच्या फोनवरून निघाली, यांतला एकही प्रश्न त्या रात्री आम्ही ऐकिला नाही. देशाचे नाव मात्र मिनिटाला दहादा ऐकिले.

१९४५ आणि २०२०: आवई सोडण्याची रीत एकच. फरक एवढाच की १९४५ साली आवई पायांनी चालत होती, म्हणून ती कोणी सोडिली हे शोधता आले. २०२० साली ती हवेतून आली आणि तिचा बाप कोण, हे पुसण्याची सवय आमच्या लोकांस कोणी लाविली नव्हती.

देश म्हणजे कोण, याचेही तेच. वसईच्या किल्ल्यात पोरे जातात, फोटो काढितात आणि घरी येईतो त्यांच्या फोनवर १७३९ सालच्या चिमाजी आप्पांच्या विजयाची फीत येते. विजय खरा आहे आणि त्यात तटावर चढून मेलेले मावळे, कोळी, भंडारी, आगरी हे आमचेच पूर्वज होते. पण त्या फितीच्या शेवटी हळूच एक वाक्य जोडलेले असते, की येथले ख्रिस्ती म्हणजे फिरंग्यांचे अवशेष. वा रे इतिहास! सामवेदी, वाडवळ, कोळी ही येथली मूळची माणसे; पिढ्यानपिढ्या याच मातीत केळी लावितात, याच दर्यात जाळी टाकितात, सामवेदी-वाडवळी बोलितात. धर्म बदलला म्हणून नांगर पोर्तुगालला गेला काय? आणि त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करून मराठी राज्याच्या गळ्यात दोर घातला, त्या तहाची फीत कोणाच्या फोनवर आली आहे काय? आमच्या तरी आली नाही. ज्याने फीत केली त्याला विजय हवा होता आणि वैरी हवा होता. सही करणाऱ्याचे नाव नको होते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक, शुद्ध मराठीत बायबल लिहिणारे, आणि वसईची हिरवी शेते बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून हरित वसईच्या लढ्यात उभे राहिलेले. उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्य संमेलनासाठी त्यांची अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा साहित्य महामंडळाकडे विरोधाचे व धमकीचे फोन आले. कारण काय? ते पाद्री! ज्यांनी मराठीत चार ओळी लिहिल्या नाहीत ते मराठीचे राखणदार झाले. फादर २०२४ च्या जुलैत निवर्तले. वसईतल्या किती पोरांस त्यांच्या लढ्यामुळे आपल्या गावच्या विहिरीत पाणी उरले, हे ठाऊक आहे? फोनने ते सांगितले नाही, आणि आपणही सांगितले नाही.

वाढवण बंदराची गोष्ट ताजी आहे. सुमारे ७६ हजार कोटींचे काम, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी. फोनवर देशाच्या वैभवाची चित्रे झळकली. मच्छीमार म्हणाले, "आमच्या मासळीच्या जागा जातील." तोच त्यांस देशाच्या वाटेतले धोंडे ठरविण्यात आले. बंदर हवे की नको यावर वाद होऊ शकतो; आमचेही मत सर्वांस पटेल असे नाही. पण ज्याची जाळी दर्यात आहे तो देशाबाहेरचा आणि ज्याने फक्त चित्र पुढे ढकलले तो देशभक्त, हे गणित कोणत्या शाळेतले?

आमच्या सोपाऱ्याची एक गोष्ट येथे आठवते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथे स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. १९५६ साली नवव्याचा तुकडा सापडला. राजा चक्रवर्ती, मनात आणिता तर पंडितांच्या भाषेत लिहविता. पण त्याने लिहविले ते लोकांच्या प्राकृतात आणि दगडावर, जेथे येणारे-जाणारे सारे तेच एक वाचतील. बंदरावर उतरलेल्या परदेशी व्यापाऱ्यास एक व नांगरणाऱ्यास दुसरे, असे त्यात नव्हते. सव्वादोन हजार वर्षांनी आम्ही कोठे आलो? पालिकेची जाहीर सूचना मराठीत असली तरी अशी की वकिलाने फोड करून सांगावी, आणि ती लागते अशा फळ्यावर की जेथे मांजरही फिरकत नाही.

म्हणून आमचे मागणे फोन फोडण्याचे नाही. फोन राहणार. तो हाती असलेल्या पोरींनी काय केले ते वर सांगितलेच. आमचे मागणे दारातल्या सभेचे आहे. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितले, तिला तीस वर्षे उलटून गेली. निवडून आलेल्यांनो, तुम्ही आता खुर्चीत बसला आहात. प्रभागातल्या लोकांस महिन्यातून एकदा देवळापुढे, चर्चच्या आवारात, मशिदीच्या चौकात वा शाळेच्या पटांगणात बोलवा, आणि दवंडी पिटून बोलवा. तुमच्या फोटोचे फलक लावण्यास पैसे मिळतात तर ढोल वाजविण्यासही मिळतील. गेल्या साडेपाच वर्षांत कोणत्या गावाच्या नावावर किती खर्च पडला, त्याची यादी साध्या मराठीत मोठ्याने वाचा. आणि बायांनो, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. पाण्याचा हिशेब तुमच्याइतका कोणास ठाऊक नाही.

त्या ओटीवर शेवटी काय झाले ते सांगतो. आजोबांनी नातवास म्हटले, "तुझ्या त्या डब्यात पालिकेचा जमाखर्च दिसतो का रे?" पोराने बराच वेळ बोट फिरविले. काही आकडे निघाले. तो मोठ्याने वाचू लागला, कोटींमागून कोटी. घरची सारी जवळ सरकली. शेजारचा एक कोळीबाबाही कुंपणापाशी थांबला. आजोबांनी मध्येच हात वर केला.

"थांब. यात आपल्या गावाच्या गटाराचे किती?"

पोराने पुन्हा शोधले. गाववार आकडा तेथे नव्हता. सोमवारी प्रभाग कार्यालयात जाऊन तो मागायचा असे ठरले. अर्ज पोराने लिहायचा, सही आजोबांनी करायची. कोळीबाबा म्हणाले, "माझाही अंगठा घ्या त्यावर. शाईचा."